कलम एक्केचाळीस

खात्याच्या खाजगीवाले साहेबांनी पान उलटलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पाकिटावरचा पत्ता वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "कलम एक्केचाळीस, उपकलम सात. वापरकर्त्याने दहा मिनिटे काहीही केले नाही तर पडद्यावर पुढील संदेश दिसणे आवश्यक आहे. 'तुम्ही बराच वेळ गप्प आहात. अजून आहात ना?'" मी मागून दुसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर पर्स आणि हातात सरकारी चहाबरोबरचं अर्धं बिस्किट. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडातून निघालंच होतं. ओठ उघडलेसुद्धा. मग बिस्किटाबरोबर तो एक शब्द गिळला आणि त्याचा असा ठसका लागला की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. शेजारी बसलेल्या सलिलनं पाण्याची बाटली पुढे केली. "मॅडम, ओके ना?" मी मान हलवली. ओके नव्हते. छान होते, अगदी वेड्यासारखी छान होते, आणि डोळ्यांत आलेलं पाणी ठसक्याचं आहे असं सगळ्यांना वाटत होतं हे फार सोयीचं होतं.

ते वाक्य माझं होतं. म्हणजे मी टाइप केलेलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी. आणि आता एक परकं खातं, ज्यानं आमच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं, ते आपल्या निविदेत तेच वाक्य सक्तीचं म्हणून मागत होतं. नुसतं तेच नाही. साहेब पुढे वाचत गेले आणि माझी एकेक ओळ त्या पिवळट भिंतींच्या हॉलमध्ये येऊन उभी राहू लागली. "नोंद चुकल्यास संदेश: 'चूक झाली आहे, काही बिघडलेलं नाही. मागे जाऊन दुरुस्त करा.' रकाना रिकामा राहिल्यास संदेश: 'वडिलांचं नाव राहिलं. ठाऊक नसेल तर तसं लिहा, अर्ज अडणार नाही.'" साहेबांच्या आवाजात चढ नाही, उतार नाही. तरी मला त्यांच्या आवाजामागे दुसरा आवाज ऐकू येत होता, जरा खरखरीत, पान खाल्लेला. मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली.

हे सगळं येरवड्यात चाललं होतं, एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खात्याचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. निविदापूर्व बैठक होती. म्हणजे खातं काय विकत घेणार ते वाचून दाखवतं आणि विकणाऱ्या कंपन्या शंका विचारतात. या खात्याला राज्यभरातल्या आपल्या कार्यालयांसाठी तयार सॉफ्टवेअर हवं होतं. एक हजेरीचं, एक भांडाराचं, एक आवक-जावक टपालाचं, एक ग्रंथालयाचं आणि एक लोकांचे अर्ज घेणारं. तयार सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मला अजून माझ्या नणंदेला समजावता आलेलं नाही. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा आणि दुकानात टांगलेला सदरा, एवढंच सांगून मी गप्प बसते. आमचं दुकान टांगलेल्या सदऱ्यांचं. खराडीला नवव्या मजल्यावर काचेचं ऑफिस आहे, तिथे आमची ही पाच-सहा प्रकारची सॉफ्टवेअरं तयार असतात. सिमेंटचा व्यापारी येतो, भांडाराचं घेऊन जातो. दवाखाना येतो, हजेरीचं घेतो. खासगी गिऱ्हाईक विचारतं, यात काय काय येतं? सरकारी गिऱ्हाईक विचारत नाही. काय काय आलंच पाहिजे ते लिहूनच आणतं, आणि तुम्ही त्यात बसता की नाही ते बघतं. इतक्या वर्षांत मला दोन्ही तऱ्हा आवडायला लागल्या आहेत. पहिल्याशी बोलायला मजा येते, दुसऱ्याचं वाचायला.

पण त्या सकाळी मी मजा करायला आले नव्हते. सलिलच्या बॅगेत एक कागद होता आणि त्यावर संध्याकाळपर्यंत माझी सही व्हायची होती. सलिल आमचा प्रॉडक्ट हेड, वय चौतीस, हुशार, आईला रोज दुपारी फोन करणारा मुलगा. त्याच्यावर मला रागावता येत नाही ही माझी अडचण. नव्या आवृत्तीत पडद्यावरचे सगळे संदेश बदलायचे असं त्यानं ठरवलं होतं. जुने सहाशे बारा, सगळे माझे. त्यांच्या जागी छोटे, एकसारखे. 'अवैध नोंद.' 'सत्र समाप्त.' 'रकाना अनिवार्य.' बदलाच्या तक्त्यावर 'भाषा तपासली' या शब्दांखाली मी सही केली की सोमवारी जुने संदेश निघणार, आणि मग नव्या प्रतीबरोबर हळूहळू सगळीकडून निघणार. "मॅडम, तुमचं मराठी क्यूट आहे," तो येताना गाडीत म्हणाला होता, शास्त्रीनगरच्या सिग्नलला. "पण शेल्फवरचं प्रॉडक्ट न्यूट्रल हवं. हॉस्पिटलला पण चाललं पाहिजे, सरकारला पण. आपलं सॉफ्टवेअर एकदम काकांसारखं बोलतं." मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काका वाईट असतात का?" तो हसला. सिग्नल सुटला. कागद पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून होता, मी तो रोज एका फायलीखालून दुसऱ्या फायलीखाली सरकवत होते. नाही म्हणायला कारण लागतं आणि माझ्याकडचं खरं कारण मी बावीस वर्षांत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्याचं होतं त्यालासुद्धा नाही.

याच रस्त्याला, त्या हॉलच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसेल इतक्या अंतरावर, माझे अब्बा बसायचे. मन्सूर अत्तार. तुरुंगाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चहाच्या टपरीला लागून, एक घडीचं टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, समोर एक स्टूल. अर्ज लिहून द्यायचे. आत असलेल्या माणसाच्या भेटीचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचा, नळाचा, नाव बदलल्याचा. बार्शीहून, जतहून, रात्रभर एसटीत बसून माणसं यायची. बहुतेक बायका. डोक्यावर पदर, हातात पिशवी, तोंडाला कोरड. आल्या आल्या सगळं एका दमात सांगायला लागायच्या आणि अब्बा टाइपरायटरवरून हात काढून घ्यायचे. "घाई नाही. आधी बसा." मग तांब्यातून पाणी. ती बाई पाणी पिईपर्यंत कागद चढवायचेच नाहीत. मला त्या वेळी वाटायचं की अब्बा सावकाश आहेत. शाळा सुटली की मी तिथेच जायची, टेबलाच्या खाली पोतं पसरून बसायची आणि वाचायची, काय मिळेल ते, चुकलेल्या अर्जांचे कागदसुद्धा. टेबलाखालून मला समोरच्या माणसाचे फक्त पाय दिसायचे. पाय आधी टाचा उचललेले असायचे. पाणी पिऊन झालं की टाचा टेकायच्या. आणि टाचा टेकल्या की वर टाइपरायटर सुरू व्हायचा. हा क्रम कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

चुकीला ते घाबरत नसत, ही त्यांची आणखी एक गोष्ट. एखादी बाई गावाचं नाव सांगताना चुकायची, सासरचं सांगायच्या ऐवजी माहेरचं सांगायची, आणि मग आता सगळं संपलं अशी रडायला लागायची. "चूक झाली, काही बिघडलं नाही," अब्बा म्हणायचे आणि खोडरबर घ्यायचे. वडिलांचं नाव ठाऊक नसलेली माणसंही यायची. तिथे स्टूलवर अंग चोरून बसायची. अब्बा त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, रोलरकडे बघत म्हणायचे, "ठाऊक नसेल तर तसं लिहू. अर्ज अडणार नाही." खरंच अडायचा नाही की अडायचा हे मला माहीत नाही. पण पायांची बोटं सैल झालेली मी खालून पाहिलेली आहेत. अर्ज झाला की सगळा मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मग, "झालं तुमचं काम. कागद जपून ठेवा." त्या अर्जांखाली अंगठा त्या माणसाचा, नाव त्या माणसाचं. अब्बांचं नाव कुठेच नाही. हजारो कागद त्या टेबलावरून गेले असतील, एकावरही मन्सूर अत्तार असं नाही. आणि मधूनच, गिऱ्हाईक नसताना, मी खाली वाचत असायची, बराच वेळ हालचाल नाही, तेव्हा वरून आवाज यायचा. "सकीना, बराच वेळ गप्प आहेस. आहेस ना अजून?" घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, अम्मीला तर दुसरं काही चालायचंच नाही. पण टेबलापाशी अब्बा माझ्याशीही मराठी बोलत. टेबल हे ऑफिस होतं. मी खालून म्हणायची, "आहे." एवढंच. दिवसातून चार-पाच वेळा तरी. ते विचारायचे, मी आहे म्हणायची, आणि दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. इतकं सुख मी नंतर फार ठिकाणी पाहिलेलं नाही, हे आता या वयात सांगायला काय हरकत आहे.

पुढे हिंमतरावांनी वाघोलीला एका गॅरेजवरच्या खोलीत कंपनी काढली आणि त्यांना मराठी टायपिंग येणारं कुणीतरी हवं होतं. मी गेले. चार माणसं, तीन कॉम्प्युटर, एक पंखा. पहिलं सॉफ्टवेअर तयार होत होतं आणि हिंमतराव म्हणाले, "सकीनाबाई, पडद्यावर माणसाला काय काय सांगायचं ते तुम्ही लिहा. सोपं लिहा. आमच्या गेनबाला कळलं पाहिजे." गेनबा म्हणजे खालच्या गॅरेजचा मालक. मी लिहायला बसले आणि मला काही सुचेना. दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या टाचा उचललेल्या असणार. मग मला फक्त आठवत जायचं होतं. एका आठवड्यात सहाशे बारा वाक्यं झाली. हिंमतरावांनी वाचली, डोकं खाजवलं, म्हणाले, "हे यंत्र फारच सभ्य झालंय, पण राहू दे." राहिलं. पुढे वाघोलीहून खराडी झालं, तीन कॉम्प्युटरचे तीनशे झाले, आणि त्या वाक्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मीही सांगितलं नाही. काय सांगणार? की मी वडिलांचं बोलणं चोरून यंत्रात घातलंय?

एकदा सांगायची वेळ आली होती. अब्बा थकले होते, रेशनकार्डात काही दुरुस्ती होती, मी त्यांना एका कार्यालयात घेऊन गेले. तिथे आमचंच सॉफ्टवेअर होतं आणि पडदा लोकांना दिसेल असा बाहेर वळवलेला. कारकून कार्डाचा नंबर चुकला. पडद्यावर आलं, 'चूक झाली आहे, काही बिघडलेलं नाही.' अब्बांनी चष्मा सारखा करून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आत बसलेला माणूस बरा दिसतो." मला हसू फुटलं. आत कुणी नाही, अब्बा, तुम्हीच आहात, असं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मग रिक्षा बघायची होती, मग घरी पाहुणे होते, मग दुसऱ्या दिवशी ऑफिस. तीन महिन्यांनी अब्बा गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली. दुःख करत बसले असं नाही, पण एक ओळ सांगायची राहिली की राहते, ती दुसऱ्या कुठल्या ओळीनं भरून येत नाही.

"साहेब, एक शंका." हॉलमध्ये डाव्या बाजूला एक तरुण उभा राहिला. केदार, दुसऱ्या कंपनीचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, समोर लॅपटॉप. "कलम एक्केचाळीसच्या शेवटी लिहिलंय, अधिक संदेशांसाठी पान त्रेसष्ट पाहा. निविदेला पानं अठ्ठेचाळीस आहेत."

हॉल हसला. खाजगीवाले साहेब हसले नाहीत. त्यांनी शेवटचं पान काढून बघितलं, अठ्ठेचाळीसच होतं. "तेवढी पंधरा पानं आपल्या कल्पनाशक्तीसाठी सोडली आहेत," ते म्हणाले.

मला मात्र आत लख्ख उजेड पडला. पान त्रेसष्ट आमच्या माहितीपुस्तकाचं होतं! सगळी वाट दिसली. कुठल्यातरी तालुक्यातल्या कार्यालयानं फार पूर्वी आमचं सॉफ्टवेअर घेतलं असणार. तिथल्या कुणी सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे याची यादी मागितल्यावर आमच्या पुस्तकाची पानं उतरवून पाठवली असणार. पुढच्याला नवी निविदा काढायची होती, त्यानं ती यादी घेतली आणि वर 'आवश्यक वैशिष्ट्ये' असं लिहिलं. मग त्यावरून तिसऱ्यानं, तिसऱ्यावरून चौथ्यानं. सरकारी कागद असाच वाढतो. तारीख बदलते, खात्याचं नाव बदलतं, बाकी काही काढायची कुणाची छाती होत नाही. पान त्रेसष्टसुद्धा काढायची छाती झाली नव्हती. कुणीही न वाचता अब्बांची वाक्यं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली होती, आणि जाता जाता त्यांची अट झाली होती. मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

केदार काही बसला नाही. "साहेब, म्हणजे हे कुठल्यातरी एका कंपनीच्या मॅन्युअलमधून आलंय. असं बोलणारं सॉफ्टवेअर फक्त त्यांच्याकडेच असणार. मग बाकीचे आम्ही इथे चहा प्यायला आलोय का?"

"चहा कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"बरा आहे."

"बरं. शंका रास्त आहे." साहेबांनी पेन उचललं. "एका कंपनीला सोयीची अट ठेवता येणार नाही. हे शब्द कोणाच्या मालकीचे आहेत याचा खुलासा कुणी करणार असेल तर आत्ता करावा. नाहीतर कलम एक्केचाळीस वगळतो." ते थांबले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "खरं तर या निविदेत वाचण्यासारखं तेवढंच होतं."

सलिल माझ्या कानाशी आला. त्याचे डोळे चमकत होते. सकाळी त्याला नको असलेली वाक्यं त्याला एकाएकी जिवापाड प्रिय झाली होती. "मॅडम, हे आपलं आहे! आपलंच आहे ना? शिट. फक्त आपण क्वालिफाय होत होतो. आता काही बोलू नका, आपलं म्हटलं तर गेलं." मी त्याच्याकडे बघितलं. आपलं म्हटलं तर गेलं, हे त्याचं बरोबर होतं. पण गप्प बसलं तरी गेलंच होतं, साहेबांचं पेन कागदावर टेकत होतं. आणि या निविदेतून गेलं की संध्याकाळी त्याच्या तक्त्यावर माझी सही, मग सोमवारी सगळीकडून गेलं. मग बार्शीच्या कुठल्यातरी बाईला कुठल्यातरी खिडकीवर 'अवैध नोंद' असं वाचावं लागणार आणि तिच्या टाचा उचललेल्याच राहणार. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाक्यं टिकायची एकच वाट आहे. ती कुणाचीच नसली पाहिजेत. म्हणजे ती मी सोडून दिली पाहिजेत. बावीस वर्षं मुठीत धरून ठेवलेली एकुलती एक गोष्ट, हॉलभर माणसांसमोर, केदारच्या कंपनीलासुद्धा. एक क्षण माझं मन फार कोतं झालं. वाटलं, जाऊ दे, निघून जाऊ दे सगळं, निदान माझी म्हणून तरी जातील. मग मला ते सगळे अर्ज आठवले, नाव दुसऱ्याचं आणि अंगठा दुसऱ्याचा. अब्बांनी दुसरं काय केलं होतं? मी उभी राहिले. पर्स मांडीवरून खाली पडली, ती तशीच राहू दिली.

"साहेब, मी सकीना अत्तार. ही वाक्यं आमच्या पुस्तकात आहेत, मीच टाइप केली आहेत. पण ती कंपनीची नाहीत." सलिलनं डोळे मिटून घेतले. "या खाली, तुरुंगाच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीशेजारी एक गृहस्थ टाइपरायटर घेऊन बसायचे. लोकांना अर्ज लिहून द्यायचे. ते येणाऱ्या माणसाशी असं बोलायचे. कंपनी निघायच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून. ती वाक्यं त्यांची आहेत आणि त्यांनी ती कधी कुणाला विकली नाहीत. ज्याला हवी त्यानं घ्यावीत."

"म्हणजे आम्ही वापरली तरी चालतील?" केदारनं विचारलं, चेहरा गोंधळलेला.

"आवडली तर वापरा," मी म्हणाले. "नाही आवडली तरी वापरावीच लागतील, अट आहे."

या वेळी मात्र खाजगीवाले साहेब हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "हे गृहस्थ आपले कोण?"

"वडील."

"हयात आहेत?"

"नाहीत."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "वाईट वाटलं. मी या इमारतीत एकतीस वर्षं आहे, खाली पाहिलं असेल कधीतरी. बाई, आपण म्हणता ते लेखी द्या. वाक्यं कुणाची, आणि ती सर्वांना खुली आहेत, एवढंच. कंपनीचीही संमती लागेल. दोन्ही आलं तर कलम राहील." मग हॉलकडे बघून ते म्हणाले, "आणि ते पान त्रेसष्ट या बाईंकडून घेऊन जोडा. पंधरा पानांचा प्रश्न सुटला."

बाहेर व्हरांड्यात सलिल फोनवर येरझाऱ्या घालत होता. हिंमतराव आता सत्तरीचे, ऑफिसात क्वचित येतात, पण शेवटचा शब्द त्यांचाच. सलिलनं त्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, मग हिंदीत, मग घाबरून मराठीत. पलीकडून जे ऐकू आलं ते मला चार हातांवरून ऐकू आलं, कारण हिंमतराव फोनवर नेहमी ओरडतातच. "अरे, ती वाक्यं बाई येताना घेऊन आली होती! आपली कधी होती? दे लिहून!" सलिलनं फोन खिशात टाकला, बॅग उघडली, तो तक्ता काढला आणि माझ्यासमोर धरला. "मॅडम, याचं काय करू? आता हे संदेश बदलले तर आपणच डिसक्वालिफाय."

"पाठकोरा आहे का?"

"आहे."

"मग दे. अर्जाला कागद हवाच होता."

तो हसला, जरा नाराजीनं, पण हसला. "तुम्ही आधी सांगायचं ना, तुमच्या वडिलांचं आहे म्हणून," तो म्हणाला. "मी हात नसता लावला." एवढं सोपं होतं हे मला कुठे माहीत होतं?

व्हरांड्याच्या टोकाला आवक-जावकच्या कारकुनाचं टेबल होतं. बजरंग नावाचा, लोहगावकडचा, कपाळाला गंध. त्यानं काही न विचारता समोरची खुर्ची ओढून दिली आणि मी बसले. टेबल लाकडी, बुटकं, एका कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. मी लिहायला लागले. 'प्रति'. 'विषय'. 'महोदय'. माझ्या लक्षात आलं की मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा अर्ज लिहिते आहे. लहानपणी लागले ते अब्बांनी लिहिले, नंतरचे सगळे पडद्यावर भरले, माझ्याच संदेशांनी मला मागे जाऊन दुरुस्त करायला लावत. सोपं होतं. अर्जात काय लागतं ते मला पाठ होतं. आणि मग ती ओळ आली. 'सदर वाक्ये माझे वडील', आणि पुढे नाव. पेन थांबलं. अब्बांच्या शब्दांखाली अब्बांचं नाव कधीच आलेलं नव्हतं. त्यांना चालेल का? की ते रोलरकडे बघत म्हणतील, नाव कशाला, काम झालं ना? खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय, त्याला लागून एक रिकामी जागा आहे, घडीचं टेबल मावेल एवढी. उन्हात दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या हातात पिशवी. मी बघत राहिले. कितीतरी वेळ. सलिल कठड्यापाशी जाऊन आईशी बोलत होता. टेबलाखाली माझ्या टाचा उचललेल्या होत्या, हे मला स्वतःला तेव्हा कळलं.

बजरंग पत्रांवर शिक्के मारत होता. त्याच्या कार्यालयात कुठलंही आमचं सॉफ्टवेअर नव्हतं, सकाळी हॉलच्या दारात उभं राहून त्यानं कलमं ऐकली होती तेवढीच. शिक्का मारता मारताच, मान वर न करता, तो म्हणाला,

"बाई, बराच येळ गप हाय तुमी. हाय ना अजून?"

"आहे," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. व्हरांड्याच्या त्या टोकाला सलिलनं वळून पाहिलं. मी टाचा टेकल्या आणि मन्सूर अत्तार असं लिहिलं.